चार भोकं आणि एक चीर

पहिलं भोक : बेंबीजवळ, बारा मिलिमीटर

आपला भाऊ बरा झाला, हे आक्काला दवाखान्याच्या दारातच कळलं. तिथं तसं छापलंच होतं. वीस फुटी फ्लेक्स. डावीकडे डॉक्टर यशराज, हाताची घडी घालून. उजवीकडे आकाराम, गोलकीपरचे हातमोजे घालून, पंधरा वर्षांपूर्वीचा, डोक्यावर पुरते केस असलेला.

‘कोल्हापूरच्या मातीत प्रथमच! पोटातील जन्मजात अंतर्गत हर्नियावर फक्त चार छिद्रांतून मात! दुर्बीण-सम्राट डॉ. यशराज व पोलादी गोलकीपर आकाराम यांचा जाहीर सत्कार. शनिवारी सकाळी अकरा वाजता, दवाखान्याच्या हॉलमध्ये. अल्पोपाहाराची सोय आहे. शुभेच्छुक : रणमर्द तालीम मंडळ, शिवाजी पेठ.’

‘प्रथमच’ हे कुणी मोजलं होतं, देव जाणे. खाली बत्तीस लहान चेहरे होते. त्यांतल्या निम्म्यांनी गॉगल घातले होते. या बत्तीस जणांचा या ऑपरेशनशी संबंध एवढाच की पोटं त्यांनाही होती.

आक्का कसबा बावड्याची. तिथं तिच्या चार म्हशी. आकाराम तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पेठेत ग्रील-गेटची वेल्डिंग करणारा, बिनलग्नाचा. जन्मभर तालमीच्या संघासाठी फुटबॉलच्या जाळ्यापुढं उभा राहिला, संसाराला उभं राहायचं राहून गेलं. सोमवारी त्याचं ऑपरेशन झालं होतं. आज शनिवार. आक्का रोज येत होती, पण धारा काढून, दूध घालून यायला दुपार व्हायची. तोवर राउंड संपलेला असायचा आणि भाऊ झोपेच्या गोळीवर असायचा. आज सत्कार म्हणून ती नऊलाच आली होती. नऊवारी नवी, पिशवीत शेजारणीवर टाकून आलेल्या म्हशींची काळजी.

यशराजनं ऑपरेशनच्या आधी तिला लॅपटॉपवर चित्र दाखवलं होतं. आतड्याच्या मागच्या पडद्यात जन्मापासून एक खिसा. आतडं त्या खिशात जाऊन बसतं, कधी आपणहून बाहेर येतं, कधी अडकतं. अडकलं की माणूस दुमडतो. “चार भोकं पाडायची, आतडं ओढून बाहेर घ्यायचं, खिशाचं तोंड टाके घालून बंद. मोठी चीर नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी चालेल, आक्का.” तिसऱ्या दिवशी तो खरंच चालला होता. त्याचाही व्हिडिओ काढला होता. तालमीच्या ग्रुपवर त्याला एकशे सोळा अंगठे आले.

दुसरं भोक : डावीकडे, पाच मिलिमीटर. यातून फक्त राउंड दिसतो.

मंगळवार.

“वारा सरला का?”

“न्हाय अजून.”

“सरेल. आतडं कामाला लागलं की सरतो. घाई नाही.”

बुधवार. कॉटभोवती यशराज, त्याच्या हाताखालची डॉक्टर अनुजा, एक नर्स, आणि तालमीचा अध्यक्ष ज्ञानू. ज्ञानूच्या हातात फ्लेक्सचा नमुना.

“काय गोलकीपर? वारा?”

“न्हाय, डॉक्टर.”

“अजून नाही?” यशराजच्या कपाळावर एक आठी आली. एकच, पण आली.

ज्ञानू म्हणाला, “भावा, शनिवार ठरलाय हां. पावण्यांची तारीख मिळालीया. फेटंवाला सांगितलाय. तू नाटकं करू नगंस.”

गुरुवार. तीच माणसं, आणखी तिघं वाढलेली.

“वारा?”

आकारामनं एकदा यशराजकडं बघितलं, एकदा ज्ञानूकडं.

“सरला की! इषय हाय व्हय? खिडकीच्या काचा हालल्या.”

सगळे हसले. नर्सही हसली. यशराजची आठी गेली. अनुजा हसली नाही, पण तिनं केसपेपरवर ‘वारा सरला’ असं लिहिलं, कारण रुग्णानं सांगितलेलं लिहायचंच असतं.

“मग आजपासून पातळ सुरू,” यशराज म्हणाला.

शुक्रवार. ज्ञानू सकाळी किटली घेऊन आला. किटलीत पांढरा रस्सा.

“अहो, काय आणलंय हे?” नर्स ओरडली.

“पातळच सांगितलंय की डॉक्टरनं. ह्याच्यापेक्षा पातळ काय आसतंय, बाई? वर तरंगतंय ते बी काढलंय.”

नर्सनं किटली उचलून बाहेर नेऊन ठेवली. तोवर पेठेच्या इज्जतीखातर आकारामनं दोन वाट्या संपवल्या होत्या.

तिसरं भोक : उजवीकडे, पाच मिलिमीटर

आक्का खोलीत आली तेव्हा आकाराम उशीला टेकून बसला होता आणि फेटेवाला त्याच्या डोक्याचं माप घेत होता. खोलीत अत्तर मारलं होतं. अत्तराखाली आंबूस वास होता. गोठ्यात उभी हयात गेलेल्या बाईच्या नाकाला अत्तरानं फसवता येत नाही.

“पावणं, जरा भाईर थांबा,” ती फेटेवाल्याला म्हणाली.

“आक्का, अकराला...”

“भाईर.”

तो गेला. तिनं चादर खाली ओढली. पोटावर चार लहान पट्ट्या, दुकानात मिळतात तशा. आणि पोट घागरीसारखं. तिनं एक हात सपाट ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर टिचकी मारली, फुगलेल्या म्हशीच्या कुशीवर मारतात तशी. ढब्ब. परत. ढब्ब. आकारामनं दात आवळले.

“वकलास?”

“न्हाय.”

“आकाराम.”

“एकदा. दोनदा. संडासात. पानी टाकलंय वरनं.”

“रंग?”

“हिरवा.”

“आन् वारा कवा सरला?”

तो भिंतीकडं बघायला लागला. त्या भिंतीवर तालमीनं दिलेलं कॅलेंडर होतं.

“सरलाच न्हाय व्हय रं?”

“समदी आलीती, आक्का. यशानं जीव लावून केलंय. पेठेतनं डॉक्टर झाल्यालं पैलं पोरगं. न्हाय म्हनलं की त्येचं तोंड पडायलंतं. आन् ज्ञानू तारीख घिऊन आल्याला. मी म्हनलं, आज न्हाय तर उद्या सरंलच की.”

“त्येचं तोंड पडू ने म्हून तू पोट फुगवून घेतलास. वा! गोल आडवलास बघ.”

तिनं चादर परत पोटावर टाकली आणि तडक यशराजच्या केबिनमध्ये गेली. यशराज हॉलमध्ये दाखवायचा व्हिडिओ बघत होता. पडद्यावर गुलाबी आतडं चकाकत होतं, चिमटे नाचत होते आणि मागं हलगी-तुतारी लावली होती. पडद्यातल्या आतड्यावर तो इतका खूश होता की बारा पावलांवरचं आतडं त्याला आठवायचं कारण नव्हतं.

“बसा, आक्का. बघा, हा शेवटचा टाका. काय बसलाय!”

“यशा, ते बंद कर. त्येचा वारा सरल्याला न्हाय. खोटं सांगितलंय त्येनं. हिरवं वकतोय. पोट ढोल झालंय.”

“आक्का, ऑपरेशननंतर आतडं थोडं रुसतं. चार-पाच दिवस चालतं असं. रश्शाचा पराक्रम पण कळलाय मला. त्यानं फुगलं असेल.”

दारात उभी असलेली अनुजा म्हणाली, “सर, नाडी एकशे चोवीस आहे. काल रात्री एकशे दहा होती. मी मेसेज केला होता.”

“दुखत असेल. इंजेक्शन द्या.”

“सर, दुखत नाही म्हणतो तो. ते जास्त...”

“अनुजा, अर्ध्या तासाचा विषय आहे. सत्कार झाला की फोटो काढू, स्कॅनही काढू. पाहुणे निघालेत.” मग तो आक्काकडं वळला आणि आवाजात साय आणली. “तुमच्या म्हशींचं तुम्हाला कळतं, आक्का. हे जरा वेगळं असतं.”

“व्हय. वेगळंच की,” आक्का म्हणाली. “माझी म्हस दोन दिस शेन टाकली न्हाय तर मी तिला झूल घालून मिरवत न्हाय.”

चौथं भोक : वरच्या बाजूला, पाच मिलिमीटर. यातून आत पकड जाते. दिसत काही नाही.

आकाराम नऊ वर्षांचा होता. जत्रेचं जेवण झालं की तो दुमडायचा, गुडघे छातीशी, गोठ्याच्या कोपऱ्यात. आई नव्हती. आक्का एकवीस वर्षांची, माहेरी आलेली. ती त्याला कान धरून उठवायची. “काम दिसलं की ह्येच्या पोटात दुखतंय. नाटक्या. उठ, शेन भर.” तो उठायचा. शेण भरायचा. भरता भरता थांबायचा, ओकायचा आणि परत भरायचा. असं कितीतरी वेळा. पुढं पुढं तर त्यानं दुमडणंच सोडलं. कुणी विचारलं की “काय न्हाय, एकदम ओके,” म्हणायला शिकला. हे त्याला यशानं शिकवलं नव्हतं. ज्ञानूनंही नाही.

चीर

हॉलमध्ये दीडशे खुर्च्या आणि दोनशे माणसं, समोर समई, समईशेजारी पडदा, पडद्यावर आकारामचं आतडं दहा फूट बाय सहा फूट, आणि त्याच्यासमोर व्हीलचेअरवर खुद्द आकाराम, भगवा फेटा, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, चेहरा मेणासारखा, आणि ज्ञानू माईकवर सांगतोय की पेठेनं पैलवान दिले, खेळाडू दिले, आता पेठेनं दुर्बीण दिली, टाळ्या, आणि पाहुणे सांगतायत की आम्हाला तर आमच्या पोटात काय आहे हेही माहीत नसतं, हशा, टाळ्या, आणि यशराज उठतोय, मान लववतोय, म्हणतोय की एक काळ असा होता की आमच्या क्षेत्रातली चिरफाड पिढी एवढ्याशा खिशासाठी माणूस बेंबीपासून छातीपर्यंत उघडायची, आणि माणसं हसतायत, आणि आक्का पहिल्या रांगेतून उठते, दोन पायऱ्या चढते आणि यशराजच्या हातातला माईक घेते, हिसकावून नव्हे, म्हशीपुढली पेंडीची पाटी काढून घ्यावी तसा, सवयीनं.

“पावणं, ह्यो मानूस सोमवारपास्नं पादल्याला न्हाय.”

हॉल फुटला. पाहुण्यांनी रुमालात तोंड घातलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. ज्ञानू म्हणाला, “आक्का म्हंजे नाद खुळा!”

“हसा. मी बी हसलो असतो. ज्या पोटाचा ह्यो सत्कार चाललाय, त्या पोटावर सकाळधरनं एका बी डाक्टरनं हात ठेवल्याला न्हाय. दहा फुटाचं दाखवायलाय. खरं हितं हाय. यशा, ठेव हात. समद्यांच्या म्होरं ठेव. मी चुकत आसलो तर हितंच तुझं पाय धरतो.”

यशराज हसत होता, कारण दोनशे माणसांपुढं दुसरं काय करणार. हसतहसतच तो वाकला, शाल बाजूला केली आणि हात ठेवला. दाबला. मग एकदम सोडला.

सामन्यात बोट मोडलं तरी न ओरडलेला आकाराम ओरडला.

यशराजचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. हाताला जे कळायचं ते कळलं होतं. तोंडाला ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

“अनुजा,” तो म्हणाला, “स्कॅन. आत्ता.”

ज्ञानूनं माईक परत घेतला आणि तांत्रिक कारणामुळं कार्यक्रम थोडा वेळ थांबत असल्याचं जाहीर केलं. अल्पोपाहार मात्र चालू राहील म्हणाला. तो राहिलाही.

स्कॅन पाऊण तासात आला. अनुजानं आक्काला बाजूला बोलावून सरळ सांगितलं, आणि या दवाखान्यात सरळ सांगणारं ते पहिलंच माणूस होतं. “खिशाच्या तोंडाला सहा टाके होते. दोन टाक्यांमध्ये फट राहिली. आतड्याचा वेढा त्या फटीतून परत आत गेलाय आणि आवळलाय. त्याचा रक्तपुरवठा थांबत चाललाय. कदाचित थांबलाच असेल.”

“म्हंजे पैलं दार सताड उघडं हुतं, तवा जनावर आत-भाईर करीत हुतं. ह्येनं दार लावलं, पन फट ठेवली. आन् मान अडकली.”

“हो. तसंच.”

“किती येळ हाय?”

“आत्ता उघडलं पाहिजे.”

यशराज स्कॅनच्या पडद्यासमोर उभा होता. “मी परत दुर्बिणीनंच...” म्हणाला आणि थांबला. फुगलेल्या आतड्यांत कॅमेऱ्याला जागाच नव्हती. हे त्यालाही दिसत होतं. “चीर घ्यावी लागेल. आणि ही शीर खिशाच्या काठालाच आहे. फुटली तर...” तो कुणाशी बोलत होता ते समजेना. “मला दुसरा हात लागेल. मोठा हात.”

“डॉक्टर बाहुबली,” अनुजा म्हणाली.

डॉक्टर बाहुबली म्हणजे सत्तरीचे, शाहूपुरीतले, चाळीस वर्षं पोटं उघडलेले. तासाभरापूर्वी ज्या चिरफाड पिढीला हॉल हसला होता तिच्यातला हयात आणि पंधरा मिनिटांत पोहोचणारा एकमेव माणूस.

ज्ञानू मध्ये पडला. “भाईरचा कशाला, डॉक्टर? आपला मानूस, आपला डॉक्टर. पेठेत काय सांगायचं? फ्लेक्स लागलाय गा!”

आक्कानं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. “ज्ञानू, तू जा. उप्पीट खा. गार हुतंय. पेठेनं दुर्बीन दिली, गोलकीपर दिला, आता पेठेनं जरा गप ऱ्हावं.”

तो गेला. यशराजच्या हातात फोन होता, नंबर काढलेला, अंगठा वर थबकलेला.

“यशा,” आक्का म्हणाली, “त्यो तुझं तोंड पडू ने म्हून खोटं बोलला. तू आता तुझ्याच तोंडासाठी थांबलास तर मी ह्येला स्ट्रेचर ढकलत शाहूपुरीला घिऊन जातो. वाटंत जे हुईल ते हुईल. सांग, लावतोस का ढकलू?”

अंगठा खाली आला.

पलीकडचं ऐकू येत नव्हतं. अलीकडचं आक्का ऐकत होती.

“सर, यशराज... हो सर, तोच... पाचवा दिवस... एकशे तीस... हो, लघवी कमी आहे... नाही सर... नाही. आज सकाळी तपासलं नव्हतं. दोन दिवस नाही... पेशंट म्हणाला वारा सरला, म्हणून... हो सर. मधली चीर. हो, मी सुरुवात करतो.”

त्यानं फोन ठेवला, हाताची बाही वर केली आणि आत गेला. आक्काला तो पहिल्यांदाच डॉक्टरसारखा दिसला. पण हे त्याला सांगायची तिला काही गरज वाटली नाही.

दोन तास. त्यात आक्का एकदाही बसली नाही.

मग बाहुबली बाहेर आले. बुटके, जाड चष्मा, मास्क हनुवटीवर, हातात स्टीलचा ट्रे, वर हिरवं फडकं. नातेवाइकांना काढलेलं दाखवायचं, ही रीत. त्यांनी फडकं उचललं. काळंनिळं, ओलं, गुंडाळी झालेलं.

“दीड फूट. उरलेलं चांगलं आहे, जोडलंय. माणसाला पुरतं. पण जोड धरतो की नाही हे पाच-सहा दिवस बघायचं. तोवर मी हसणार नाही, तुम्हीही हसू नका.”

“दुर्बिनीनंच झालं म्हनायचं?” आक्कानं विचारलं.

“दुर्बिणीला काय दोष? ऑपरेशन बरोबर होतं. मी चिरून केलेल्या एका पोटात अशीच फट ठेवली होती, पंचवीस वर्षांपूर्वी. बाई गेली.” त्यांनी फडकं परत टाकलं. “फट कुणाकडूनही राहते. मी त्या बाईचं पोट रोज बघायला हवं होतं. मला वाटलं, माझा टाका आहे, काय बघायचं. तेव्हा फ्लेक्स निघाले नव्हते, एवढंच माझं नशीब.”

ते ट्रे घेऊन परत आत गेले. चालताना त्यांची एक चप्पल फटफट वाजत होती.

जोड धरला. पाच दिवस आक्कानं म्हशी शेजारणीवर सोडल्या आणि आयसीयूच्या बाकावर मुक्काम ठोकला. यशराज दिवसातून चार वेळा यायचा, दर वेळी चादर खाली ओढून पोटावर हात ठेवायचा. सहाव्या दिवशी तो बाकाजवळ येऊन उभा राहिला.

“आक्का, फट माझ्यामुळं राहिली. आणि बघितलं नाही, तेही माझंच. मला तुमची...”

“माझ्यापाशी कशाला? पोट माझं हाय व्हय? जाग हाय त्यो. तिथं बोल जा. आन् माईक नगं.”

तो आत गेला. काचेतून दिसत होतं. उभा राहून बोलला, मग स्टूल ओढून बसला. आकारामनं दोनदा हात हलवला, जाऊ दे म्हणतात तसा. यशराजनं मान हलवली, नाही म्हणतात तशी. बराच वेळ बसला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. आक्कानं तिकडं बघायचं टाळलं. पेठेच्या पोरांचं रडणं बघण्यात तिला कधीच रस नव्हता.

मग ती आत गेली. नाकात नळी, पोटावर वीतभर लांब पट्टी, ओठ सुकलेले. स्टुलावर यशराजची ऊब अजून होती. ती बसली. चाळीस वर्षं या माणसाशी ती न अडखळता बोलत आली होती, आणि त्यात एक वाक्य तिला कधी लागलंच नव्हतं.

“दुखतंय का रं?” तिनं विचारलं.

आकारामनं मान हलवली. नाही.

“परत इचारतो. आन् हितं ज्ञानू न्हाय, यशा न्हाय, कोन न्हाय. मी हाय. मलाच खोटं सांगायला पैल्यांदा शिकलास तू, ते बी मला म्हाईत हाय. दुखतंय?”

त्यानं छताकडं बघितलं. डोळ्याच्या कडेनं पाणी निघालं आणि कानाकडं गेलं.

“लई,” तो म्हणाला.

आक्का उठली आणि नर्सला हाक मारली. तिचा आवाज एवढा मोठा होता की पलीकडच्या दोन कॉटवरचे पेशंट जागे झाले.